जीप नेमकी कुणाची? टोलेडोच्या विलीज कंपनीची गोष्ट

आपल्याकडे जीप हा शब्द इतका अंगवळणी पडलाय की ते एका ब्रँडचं नाव आहे हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही. तहसीलदारांची जीप, फॉरेस्टवाल्यांची जीप, निवडणुकीत भोंगा बांधून गावोगाव फिरणारी जीप, आणि वडापची जीप, जी खरं तर बऱ्याचदा ट्रॅक्स असायची पण आम्ही तिलाही जीपच म्हणायचो. माझ्या मामांच्या मळ्यात महिंद्राची एक जुनी जीप होती, उंच बॉनेटवाली, आणि तिच्या गिअरच्या दांड्याशेजारी अजून दोन छोट्या दांड्या होत्या ज्यांना हात लावायची आम्हा पोरांना सक्त मनाई होती. मी एकदा मामांना विचारलं ही गाडी कुणी बनवली, तर म्हणाले "महिंद्राने, पण मूळची विलीजची." आता हे विलीज कोण ते काही त्यांना सांगता आलं नाही. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की ह्या साध्या प्रश्नावर अमेरिकेत सरकारी चौकशी झालीय, आणि त्यातलाच एक वाद अगदी २०२० मध्येही चालू होता ज्यात एका बाजूला आपली महिंद्रा होती. म्हणून म्हटलं सगळं पहिल्यापासून नीट लिहावं.

जॉन नॉर्थ विलीज हा मुळात कारखानदार नव्हताच, न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावातला गाड्या विकणारा डीलर होता. (अमेरिकेत त्या नावाचा उच्चार विलिस असा करतात, पण आपल्याकडे पन्नास-साठ वर्षं विलीज चाललंय तर मी तेच लिहितो.) तो ओव्हरलँड नावाच्या गाड्या विकायचा, ही गाडी १९०३ मध्ये इंडियानात सुरू झालेली. १९०७ मध्ये अमेरिकेत बँकांची मोठी पडझड झाली आणि ह्याने आगाऊ पैसे भरलेल्या गाड्या यायच्याच बंद झाल्या. मग हा माणूस थेट इंडियानापोलिसला कारखान्यावर जाऊन धडकला, बघतो तर कंपनीकडे कामगारांच्या पगाराचे चेक वटवायलासुद्धा पैसे नाहीत. असं सांगतात की फक्त ३५० डॉलर कमी पडत होते आणि ते त्याने हॉटेलच्या गल्ल्यातून उसने घेऊन बँकेत भरले. पुढच्या वर्षी तोच कंपनीचा मालक. कारखान्यात जागा नव्हती म्हणून सर्कसचा तंबू ठोकून त्यात गाड्या जोडल्या. १९०९ मध्ये ओहायोमधल्या टोलेडो शहरातला एक मोठा कारखाना घेतला, १९१२ मध्ये कंपनीचं नाव विलीज-ओव्हरलँड झालं, आणि त्यानंतरची काही वर्षं अमेरिकेत फोर्डच्या खालोखाल सगळ्यात जास्त गाड्या हीच कंपनी बनवत होती. फोर्डच्या खालोखाल! जीपचं नावही कुणाच्या स्वप्नात नव्हतं तेव्हाची ही गोष्ट.

मग जे व्हायचं तेच झालं. कर्ज काढून कंपन्या विकत घेतल्या, विमानांच्या धंद्यात पण हात घातला, १९१९ ला टोलेडोत मोठा संप झाला आणि १९२० ला मंदी आली. बँकांनी घाबरून वॉल्टर क्रायस्लर नावाच्या माणसाला वर्षाला १० लाख डॉलर पगारावर कंपनी सावरायला आणून बसवलं. १९२० मध्ये १० लाख डॉलर पगार म्हणजे काय असेल ह्याची कल्पना करा. तो थोडा काळ राहिला, खर्च कापले, आणि निघून गेला नि १९२५ मध्ये त्याने स्वतःच्या नावाची कंपनी काढली. हे क्रायस्लरचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. विलीज स्वतः पुन्हा उभा राहिला, १९२९ मध्ये शेअर विकून मोकळा झाला, पोलंडला अमेरिकेचा राजदूत म्हणून गेला, पण महामंदीत कंपनी १९३३ ला दिवाळखोरीत गेली आणि हा परत आला तिला वाचवायला. १९३५ ला तो गेला. जीप त्याने पाहिलीच नाही. ज्याचं आडनाव आपल्या गावागावातल्या मेकॅनिकच्या तोंडी होतं त्या माणसाने ती गाडी कधी बघितली नाही हे मला आजही चुटपुट लावतं.

आता १९४०. युरोपात युद्ध पेटलेलं, अमेरिका अजून त्यात उतरलेली नाही पण तयारी चालू आहे. सैन्याला घोडा आणि साइडकारवाली मोटरसायकल ह्यांच्या जागी एक हलकी, बुटकी, चारही चाकांना ताकद जाणारी गाडी हवी होती. त्यांनी १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली आणि अट काय घातली तर नमुना ४९ दिवसांत हवा आणि गाडीचं वजन १,३०० पौंड, म्हणजे जेमतेम ५९० किलो. बहुतेक कंपन्यांनी ते पत्र वाचून बाजूला ठेवलं असणार. पुढे आल्या दोनच, एक विलीज आणि दुसरी पेन्सिल्व्हेनियातल्या बटलर गावातली बँटम. बँटम म्हणजे इतकी छोटी कंपनी की आधी ती ब्रिटिश ऑस्टिनच्या पिटुकल्या गाड्या अमेरिकेत बनवायची आणि तोपर्यंत जवळपास बंदच पडली होती. त्यांच्याकडे धड इंजिनिअरसुद्धा नव्हता. त्यांनी डेट्रॉइटहून कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला बोलावलं, त्याने १७ जुलैला काम हातात घेतलं आणि २२ जुलैला टेंडर आराखड्यांसकट भरलंसुद्धा! विलीजने वेळेत नमुना द्यायची खात्री दिली नाही, म्हणून काम बँटमला. २३ सप्टेंबर १९४० ला बँटमचे लोक ती गाडी बटलरहून रस्त्याने चालवत बाल्टिमोरजवळच्या सैन्याच्या कॅम्प होलाबर्डला घेऊन गेले, मुदत संपायला अर्धाएक तास उरला होता तेव्हा गेटातून आत गेले.

जगातली पहिली जीप म्हणायची तर ती ही. पण सैन्याला एका गोष्टीची भीती होती, एवढीशी कंपनी हजारोंनी गाड्या कशा देणार? म्हणून त्यांनी विलीज आणि फोर्डच्या लोकांना होलाबर्डला ती गाडी बघू दिली आणि बँटमचे आराखडेही त्यांच्या हातात दिले, म्हणणं असं की पैसे सरकारचे तर डिझाइनही सरकारचं. कायद्याने बरोबर असेल कदाचित, पण मला हे कधीच पटलेलं नाही. रात्रीचा दिवस करून एकाने बनवायचं आणि त्याचे कागद समोरच्या दुकानात नेऊन द्यायचे.

मग विलीजचं काहीच नव्हतं का? तसंही नाही, आणि इथेच बरेच लोक एका टोकाला जातात. विलीजकडे एक जबरदस्त गोष्ट होती, इंजिन. डेलमार रूस हा त्यांचा चीफ इंजिनिअर, सगळे त्याला बार्नी रूस म्हणायचे. कंपनीच्या स्वस्त गाडीत ४८ हॉर्सपॉवरचं एक साधं चार सिलिंडरचं इंजिन होतं जे जोरात पळवलं की दम टाकायचं. रूसने दोन वर्षं त्याच इंजिनावर घासली, बेअरिंग बदल, पिस्टन बदल, थंड ठेवायची व्यवस्था सुधार, असं करत करत ते ६० हॉर्सपॉवरला नेलं आणि पूर्ण वेगात तासनतास चालेल असं केलं. त्याचं नाव गो-डेव्हिल. फोर्डने आपल्या नमुन्यात ट्रॅक्टरवरून घेतलेलं इंजिन बसवलं होतं, ते ४६ हॉर्सपॉवरच्या आसपास. चिखलात, चढावर हा फरक कुणालाही जाणवेल.

फक्त एक अडचण होती, विलीजची गाडी जड होती. वजनाची मर्यादा सैन्याने वाढवून २,१६० पौंड केली होती, म्हणजे साधारण ९८० किलो, तरी ही त्याच्याही वर. हलकं इंजिन घातलं तर प्रश्न मिटत होता पण मग जिच्यामुळे गाडी सरस होती तीच गोष्ट जाणार. रूसने मग काय केलं तर अख्खी गाडी उघडून एकेक भाग वजनकाट्यावर ठेवला. बोल्ट गरजेपेक्षा लांब आहे? काप. पत्रा पातळ चालेल? पातळ लाव. रंगाचे दोन हात होते तिथे एकच हात दिला, कारण रंगालाही वजन असतं. अशी ग्राम ग्राम वाचवत ती मर्यादेत बसवली आणि इंजिन मात्र तेच ठेवलं. माझ्या मते ह्या सगळ्या गोष्टीत सगळ्यात सुंदर काम हेच आहे.

तिन्ही कंपन्यांकडून आधी दीड-दीड हजार गाड्या घेतल्या, आणि जुलै १९४१ मध्ये १६,००० गाड्यांचं मोठं काम विलीजला मिळालं, एका गाडीला सुमारे ७४० डॉलर. पण अंतिम गाडी, जिला एमबी म्हणतात, ती तिघांची मिळून झालेली होती. मूळ मांडणी बँटमची, इंजिन विलीजचं, सपाट रुंद बॉनेट फोर्डच्या नमुन्यावरून, आणि पुढची ती पत्र्यात उभ्या फटी कापलेली जाळी तीही फोर्डची. विलीजच्या पहिल्या सुमारे पंचवीस हजार गाड्यांना लोखंडी पट्ट्या जोडून केलेली जाळी होती, फोर्डने एकाच पत्र्यातून दाबून काढली ती स्वस्त आणि हलकी पडली म्हणून सगळ्यांनी तीच घेतली. आज जीपची ओळख म्हणून जी जाळी दाखवतात ती फोर्डच्या लोकांनी काढली हे बहुतेकांना सांगूनही खरं वाटत नाही.

एकट्या विलीजला गरज भागवता येईना म्हणून फोर्डलाही विलीजच्या आराखड्याने बनवायला लावलं, दोघांचे भाग एकमेकांना बसलेच पाहिजेत ही अट घालून. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांच्या वर जीप बनवल्या, जास्त विलीजच्या. बँटमच्या वाट्याला जीप अडीच-पावणेतीन हजार आणि नंतर फक्त जीपमागे जोडायचे ट्रेलर.

आता मामांच्या त्या दोन दांड्यांकडे येतो. साध्या गाडीत इंजिनची ताकद दोन चाकांना जाते. ती दोन चिखलात फिरायला लागली की संपलं, उरलेली दोन नुसती ओझं. जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे अजून एक पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात, ती ताकदीची वाटणी करते. एक दांडी टाकली की पुढच्या चाकांनाही ताकद जाते, म्हणजे मागून ढकलणारे दोघे होते तिथे पुढून ओढणारे अजून दोघे आले. दुसरी दांडी वेग जवळपास निम्मा करते आणि त्या बदल्यात ओढायची ताकद जवळपास दुप्पट, सायकलचा गिअर चढावर कसा हलका करतो तसं. मग कोरड्या डांबरी रस्त्यावर मामा ती पुढची दांडी का टाकू द्यायचे नाहीत? कारण वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठं वर्तुळ फिरतात, म्हणजे त्यांना जास्त अंतर कापायचं असतं, पण दांडी टाकल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात नि दोन्हीकडे सारखेच फेरे द्यायला लागतात. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक भरून काढतं, डांबरावर घसरायला वाव नसतो, मग सगळा पीळ आतल्या गिअरवर येतो आणि एक दिवस काहीतरी तुटतं.

युद्ध चालू असतानाच प्रश्न आला की जीप कुणी शोधली. विलीजने जाहिरातींमधून जोरात सांगायला सुरुवात केली होती की जीप आमचं अपत्य. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन नावाची सरकारी संस्था आहे, जाहिरातीत खोटे दावे केले तर ती पकडते, तिने १९४३ मध्ये विलीजविरुद्ध तक्रार दाखल केली आणि १९४८ मध्ये निकाल दिला की जीपची कल्पना बँटमने सैन्याबरोबर मिळून आणली, विलीजने एकट्याने निर्माण केली असं म्हणू नये. म्हणजे बँटम जिंकली ना? कागदावर जिंकली. पण १९५० मध्ये जीप हे नाव ट्रेडमार्क म्हणून विलीजच्या नावावर नोंदलं गेलं. हे विचित्र वाटतं पण नीट बघितलं तर कळतं, वस्तू कुणाच्या डोक्यातून आली, कुणी बनवली आणि कुणाच्या नावाने विकली गेली ह्या कायद्याच्या नजरेत तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ट्रेडमार्क हा वस्तू शोधून काढणाऱ्याला मिळत नाही, ज्याच्या मालाची बाजारात त्या नावाने ओळख झाली त्याला मिळतो. तोवर बँटम गाड्यांच्या धंद्यात उरलीच नव्हती. आणि मूळ शब्द कुठून आला, सैन्याच्या बोलीतून, जीपी ह्या अक्षरांवरून की पॉपायच्या कॉमिकमधल्या यूजीन द जीप ह्या प्राण्यावरून, ह्यावर अजून लोक भांडतात.

त्या ट्रेडमार्कचं वजन बघायचं तर टोयोटा बघा. त्यांनी १९५१ मध्ये टोयोटा जीप काढली होती, नाव वापरता येईना म्हणून १९५४ मध्ये ती लँड क्रूझर झाली.

विलीजने १९४५ मध्येच सिव्हिलियन जीप काढली, त्या नावाचंच छोटं रूप सीजे. मोठे हेडलाइट, मागे उघडणारा दरवाजा, शेतीची अवजारं चालवायला इंजिनातून ताकद बाहेर काढायची सोय. सैन्याच्या जाळीत नऊ फटी होत्या, ह्यांच्यात सात. धंदा चांगला चालला होता. आणि मग कंपनीने तीच चूक पुन्हा केली जी तिने आयुष्यभर केली, चारचौघांसारखी शहरी मोटार बनवायचा मोह. १९५२ मध्ये एरो विलीज नावाची देखणी कार काढली, पण फोर्ड आणि जनरल मोटर्ससमोर ती टिकणार कशी? १९५३ मध्ये कंपनी कैसरने विकत घेतली. कैसरच्या स्वतःच्या मोटारी खपत नव्हत्या, १९५५ पर्यंत त्यांनी अमेरिकेत त्या बंद केल्या आणि जीपवर जगले. १९७० मध्ये अमेरिकन मोटर्सने जीप घेतली, त्यांच्याही मोटारी पुढे मार खात गेल्या आणि जीप खपत राहिली. मग त्यात फ्रान्सची रेनॉ शिरली. १९८७ मध्ये ते सगळं क्रायस्लरने घेतलं, हो, तीच क्रायस्लर जिच्या मालकाला पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वी विलीज वाचवायला आणलं होतं, आणि घेण्याचं मोठं कारण जीपच होतं. त्यानंतर जर्मनीची डाइमलर, मग २००९ ची दिवाळखोरी आणि इटलीची फिआट, आणि २०२१ पासून स्टेलांटिस. मालक बदलत गेले, जवळपास प्रत्येकजण आपल्या साध्या मोटारींपायी अडचणीत आला आणि प्रत्येक वेळी विकण्यासारखी एकच गोष्ट शिल्लक होती.

आपल्याकडचा धागा इथेच आहे. १९४५ मध्ये जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि गुलाम मोहम्मद ह्यांनी महिंद्रा अँड मोहम्मद कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि इथे कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. के. सी. महिंद्रा युद्धाच्या काळात अमेरिकेत होते, तिथे त्यांची गाठ बार्नी रूसशी पडली, तोच बोल्ट कापणारा रूस, आणि रस्ते नसलेल्या देशाला हीच गाडी हवी हे त्यांनी ओळखलं. मग मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जोडायला सुरुवात झाली. सीकेडी म्हणतात त्याला, म्हणजे तयार गाडी न आणता सगळे भाग सुटे करून पेट्यांत भरून बोटीने आणायचे आणि इथे जोडायचे. जागा कमी लागते, तयार गाडी आणण्यापेक्षा स्वस्त पडतं आणि आपले कामगार शिकतात. हळूहळू एकेक भाग इथेच बनायला लागला आणि नंतर कांदिवलीच्या कारखान्यात अख्खी जीप तयार होऊ लागली. मामांची ती उंच बॉनेटची जीप म्हणजे सीजे-थ्रीबी, विलीजने १९५३ मध्ये आणलेली. बॉनेट उंच का, तर नवीन इंजिन जुन्यापेक्षा उंच होतं आणि त्यांनी बाकी काही न बदलता नुसतं झाकण वर उचललं. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाली, आपल्याकडे तिच्याच वंशातल्या गाड्या पुढे कित्येक वर्षं बनत राहिल्या.

आणि मग २०१८ मध्ये महिंद्राने तोच वंश रॉक्सर नावाने परत अमेरिकेत नेला, मिशिगनमध्ये जोडून, फक्त शेतात आणि कच्च्या वाटांवर चालवायला. जीपची तेव्हाची मालक फिआट क्रायस्लरने तक्रार केली की ही आमच्या जीपसारखी दिसते. ह्याला ट्रेड ड्रेस म्हणतात, म्हणजे नाव नाही वापरलं तरी वस्तूच्या दिसण्यावरच हक्क सांगता येतो. महिंद्राचं म्हणणं की आम्ही सत्तर वर्षं परवान्याने, कराराने हीच गाडी बनवतोय. २०२० मध्ये तिथल्या इंटरनॅशनल ट्रेड कमिशनने निकाल महिंद्राच्या विरोधात दिला, रॉक्सरचं तोंड बदलावं लागलं, आणि बदललेल्या गाडीला त्याच वर्षी डिसेंबरात परवानगी मिळाली. बँटमने मांडलेलं, फोर्डने जाळी दिलेलं, विलीजने नाव लावलेलं ते रूप, त्याची मालकी इटली-अमेरिकेच्या कंपनीकडे, आणि भांडण मुंबईच्या कंपनीशी. दरम्यान २०१७ पासून जीप कंपास पुण्याजवळ रांजणगावला बनते, म्हणजे ज्या दोन कंपन्या तिकडे भांडत होत्या त्या दोघींच्याही गाड्या महाराष्ट्रात तयार होत होत्या.

टोलेडोमध्ये आजही जीप रँगलर बनते. विलीजचा जुना कारखाना मात्र पाडला, फक्त विटांची एक उंच चिमणी ठेवलीय आणि तिच्यावर ओव्हरलँड अशी अक्षरं आहेत.

कधी कुठे युद्धकाळातली जुनी जीप बघायला मिळाली, एखाद्या प्रदर्शनात किंवा कुणा हौशी माणसाच्या शेडमध्ये, तर आधी पुढच्या फटी मोजा, नऊ असतील तर सैन्याची. मग खाली वाकून बोल्टची डोकी बघा. फोर्डने विलीजच्या आराखड्याने गाड्या बनवल्या खऱ्या, पण आपल्या बोल्टवर, ब्रॅकेटवर छोटासा इंग्रजी एफ कोरून ठेवायचे. तो एफ दिसला तर गाडी, निदान तो भाग, फोर्डचा. बँटमची ओरिजिनल दिसली तर माझ्यासाठी एक फोटो नक्की काढा.